खाडा, काका आणि युजर स्टोरी

डिपार्टमेंटच्या लायब्ररीत जा आणि बी.ई.चा कुठलाही जुना प्रोजेक्ट रिपोर्ट उघडा. तिसऱ्या नाहीतर चौथ्या चॅप्टरमध्ये युजर स्टोऱ्या सापडतील. "एक युजर म्हणून मला लॉगिन करायचे आहे, जेणेकरून मला सिस्टीम वापरता येईल." आता मला सांगा, आज लॉगिन करावं असं मनात घेऊन सकाळी उठणारा माणूस कुणी पाहिलाय का? पुढे टेस्टिंगचा चॅप्टर. वीस टेस्ट केसेसचा तक्ता, आणि शेवटच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत 'पास, पास, पास'. एवढा निकाल तर आपल्या एम-थ्रीचाही कधी लागला नाही! हे दोन्ही चॅप्टर कोड झाल्यावर, सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिले जातात. हे मुलांना माहीत आहे, गाइडना माहीत आहे, आणि एक्स्टर्नलनाही असणारच.

माझं म्हणणं एवढंच की हे दोन चॅप्टर कोडच्या आधी लिहावेत, आणि आपण एकट्याने लिहू नयेत.

मुळात युजर स्टोरी ही रिपोर्टात चिकटवायची गोष्टच नाही. ही कल्पना एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून आली, आणि ती पद्धत नावारूपाला आली ती क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरवर. केंट बेक १९९६ मध्ये त्या कामावर आला. गिऱ्हाइकाने हवी ती गोष्ट दोन ओळींत एका कार्डावर लिहायची. बाकीचं समोरासमोर बोलून ठरवायचं. त्याच टीममधल्या रॉन जेफ्रीजने २००१ मध्ये याचे तीन भाग सांगितले : कार्ड, कॉन्व्हर्सेशन आणि कन्फर्मेशन. कार्ड म्हणजे बोलायचं आहे याची फक्त आठवण. 'एक अमुक म्हणून मला तमुक हवं' हा साचा लंडनच्या कोनेक्स्ट्रा कंपनीतला, त्याच सुमाराचा. आपण साचा तेवढा उचलला, बोलणं आणि कन्फर्मेशन तिकडेच राहिलं. (पद्धत वापरली की प्रोजेक्ट तरतोच असंही नाही हं. क्रायस्लरचं ते काम २००० साली अर्ध्यावरच बंद झालं.)

कन्फर्मेशन म्हणजेच ॲक्सेप्टन्स टेस्ट. अमुक आकडे दिले तर उत्तर तमुक आलं पाहिजे, नाहीतर काम झालं नाही, असं वापरणाऱ्याने आधीच सांगून ठेवणं. पेपर आधी फुटलेला असणं, आणि तोही कायदेशीर!

पगाराइतकाच नाजूक हिशोब आपल्याकडे एकच आहे, तो म्हणजे मेसचं बिल. आमच्या ग्रुपने यंदा तोच प्रोजेक्ट घेतला. नियम होस्टेलच्या पोराला झोपेतही पाठ आहे : सलग तीन दिवस जेवायला नसाल आणि आदल्या संध्याकाळी सहाच्या आत कळवलं असेल, तर खाडा मिळतो. एका टाइमाचे ४५ रुपये, म्हणजे दिवसाचे ९०, म्हणजे तीन दिवसांचे २७०. कार्डावर लिहिलं, "गावी जाणारा मुलगा म्हणून मला खाडा टाकायचा आहे, म्हणजे न जेवलेल्याचे पैसे पडणार नाहीत." मागच्या बाजूला पहिली टेस्ट : शनिवार, रविवार, सोमवार गैरहजर, शुक्रवारी पाचला नोंद, सूट २७०. एवढं घेऊन मेसच्या काकांकडे गेलो.

काकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "याला खाडा नाही."

का? तर काका दिवस मोजतच नाहीत, टाइम मोजतात. खाड्याला सलग सहा टाइम लागतात. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे शनि-रवि-सोम मिळून पाचच. सूट शून्य! मराठवाड्याकडची जी पोरं सुट्टी जोडून घरी जातात, ती नेमकी याच तीन दिवसांत जातात. मेस सेक्रेटरी तिथेच होता. तो असा काही भडकला की मावशी पोळ्या सोडून बाहेर आल्या.

प्रकरण रेक्टर सरांकडे गेलं. सरांनी कार्डावरच लाल पेनाने लिहून दिलं : रविवारची संध्याकाळ सहा टाइमात धरावी, मात्र जे जेवण शिजलंच नाही त्याचे पैसे परत नाहीत. म्हणजे सूट २२५. २७० नाही आणि शून्यही नाही. कोडची एक ओळ लिहिण्याआधी हे कळलं. टेबलात तारखेचा कॉलम ठेवायचा की टाइमाचा, हेही तिथेच ठरलं.

दुसरी टेस्ट : २९ आणि ३० सप्टेंबर, १ ऑक्टोबर. महिन्या-महिन्याने मोजलं तर एकीकडे दोन दिवस, दुसरीकडे एक, आणि खाडा गायब. काका हसले. वहीचं शेवटचं पान दाखवलं. असे खाडे ते तिथे लिहितात आणि सगळे पुढच्या बिलात वळते करतात. हा नियम कुठल्याही नोटिशीवर नाही. तो फक्त त्या पानावर आहे.

"युजरला काय हवं ते त्यालाच कळत नाही," असं आपल्यातले हुशार लोक म्हणतात. काकांना बरोबर कळत होतं. फक्त "तुमच्या रिक्वायरमेंट्स काय?" असं विचारलं असतं तर ते "बिल नीट निघालं पाहिजे बाबा" एवढंच म्हणाले असते. चुकीचा आकडा समोर ठेवला की माणूस बरोबर बोलू लागतो. इंग्रजीचीही अडचण नाही. क्युकंबर नावाचं टूल २००८ पासून आहे, त्यात साध्या वाक्यांतली टेस्ट सरळ चालवता येते, आणि 'जेव्हा', 'आणि', 'पण' हे मराठी शब्दही त्याला समजतात.

आता सर आणि मॅडम लोकांना एक विनंती. सिनॉप्सिस पास करताना दहा ॲक्सेप्टन्स टेस्ट मागा, खाली वापरणाऱ्या माणसाची सही मागा, आणि व्हायवाला एक्स्टर्नलच्या हाती तोच कागद द्या. दहातल्या सात पास झाल्या तर रिपोर्टात सातच लिहू द्या, आणि त्यासाठी मार्क कापू नका. नाहीतर पुन्हा सगळा तक्ता 'पास'! मशीन लर्निंगवाले म्हणतील, आमच्याकडे कुठला आलाय काका? मग अचूकता किती टक्के आली तर काम झालं समजायचं, तो आकडा ट्रेनिंगच्या आधी लिहून द्या.

आमची कार्डं सध्या मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी टांगली आहेत. एकाची मागची बाजू अजून कोरी आहे : घरून अचानक फोन आला आणि पोराने रात्री नऊला कळवलं तर? काका म्हणतात द्यावा, सेक्रेटरी म्हणतो मग सगळेच नऊला कळवतील, आणि रेक्टर सरांनी दोन दिवस मागितलेत. तोवर तेवढ्या भागाला आम्ही हात लावलेला नाही.