सरासरीच्या आड लपलेले तास



आपल्या घामाचा हिशेब आता वहीत राहिलेला नाही. रनिंग स्टाफचे साईन ऑन आणि साईन ऑफ क्रू मॅनेजमेंट सिस्टिममध्ये नोंदले जाते, पगारपत्रक आयपासमधून निघते. टपाल खात्याच्या बचत बँकेचे काम २०१२ च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने इथल्याच, बंगळूरच्या इन्फोसिसच्या फिनॅकलवर गेले. २०१७ साली 'दर्पण' योजना आली आणि खेड्यातल्या डाकसेवकाच्या हातातही यंत्र आले.

प्रशासन या नोंदींना रोज प्रश्न विचारते. कोणत्या स्टेशनचे उत्पन्न घटले? कोणत्या डाकघरात व्यवहार कमी? कोणती पदे सरेंडर करता येतील? उत्तर दोन मिनिटांत साहेबांच्या टेबलावर हजर. आपण मात्र निवेदन देतो, पीएनएममध्ये विषय मांडतो, 'माहिती मागवली आहे' असे ऐकतो आणि पुढच्या पीएनएमची वाट पाहतो. नोंदी आपल्या कामाच्या आहेत, मग प्रश्न फक्त एकाच बाजूने का विचारले जावेत?

संगणकाला असा प्रश्न विचारण्याच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात आणि त्या प्रश्नाला क्वेरी. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीच्या चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी मे १९७४ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. त्याच महिन्यात आपल्या देशात रेल्वे कामगारांचा ऐतिहासिक संप चालू होता आणि त्यातली एक मोठी मागणी आठ तासांच्या ड्युटीची होती. हा योगायोग खरा, पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. ही भाषा केली गेली ती प्रोग्रामिंग न येणाऱ्या हिशेबनीस, इंजिनिअर अशा माणसांनाही प्रश्न विचारता यावेत म्हणून. तेव्हा 'हे तुमच्या डोक्याबाहेरचे आहे' असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका.

आता मुद्द्याचे बोलू. रेल्वे अधिनियम १९८९ चे कलम १३२ सांगते की 'कंटिन्युअस' वर्गातल्या कामगाराला चौदा दिवसांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तासांपेक्षा जास्त राबवता येणार नाही. 'इंटेन्सिव्ह' वर्गाला ही मर्यादा ४५ तास आहे. मर्यादेवरच्या कामाला दुप्पट दर. ही सरासरी एकेका माणसाची धरायची आहे, साऱ्या विभागाची नव्हे. गफलत होते ती इथेच.

समजा एका विभागात 'कंटिन्युअस' वर्गातले दहा स्टेशन मास्तर आहेत. आठ जणांनी आठवड्याला ४८ तास काम केले. दोघे जण बदली माणूस मिळाला नाही म्हणून दोन्ही आठवडे ७२ तास राबले. दहांची सरासरी काढा, ५२.८ तास येते. कागदावर सगळे कायदेशीर! आणि ते दोघे रात्री डोळे ताणून सिग्नल देत आहेत, त्यांच्या हातात हजारो प्रवाशांचे जीव आहेत.

म्हणून प्रश्न 'सरासरी किती' असा विचारायचाच नाही. प्रत्येक कामगाराचे चौदा दिवसांचे तास वेगळे जोडायचे आणि ज्याची बेरीज १०८ च्या वर जाते तेवढीच नावे पुढे आणायची. क्वेरीत 'ग्रुप बाय' आणि 'हॅविंग' हे दोन शब्द नेमके हेच काम करतात.

दुसरी क्वेरी मला त्याहून मोलाची वाटते. ड्युटीच्या नोंदी एका कोष्टकात असतात, ओव्हरटाईम दिल्याच्या दुसऱ्या. दोन्ही कोष्टके कर्मचारी क्रमांकावर जोडायची आणि पहिल्यात जादा तास आहेत पण दुसऱ्यात रक्कम नाही, अशांची यादी काढायची. याला 'लेफ्ट जॉइन' म्हणतात. एका गाडीचा रेक घेऊन पार्सलची यादी ताडून पाहण्यासारखेच हे काम आहे, कोणता नग चढला पण उतरला नाही ते कळते. आणखी एक प्रश्न विचारून ठेवा. आणीबाणीच्या नावाखाली तासांच्या मर्यादेतून दिलेली तात्पुरती सूट एकाच स्टेशनवर वर्षभरात किती वेळा वापरली गेली? दर आठवड्याला येणारी आणीबाणी ही आणीबाणी नसते, ती रिकामी पदे असतात.

टपालातल्या बांधवांनी मात्र एक सावधगिरी बाळगावी. डाकसेवकाचा भत्ता कामाच्या तासांवर ठरतो, २०१८ पासून चार आणि पाच तासांचे टप्पे आहेत. यंत्रात व्यवहार उमटतो. ओढा ओलांडून केलेली पायपीट उमटत नाही. जे कोष्टकातच नाही ते कोणत्याही क्वेरीला दिसणार नाही. तेव्हा नुसत्या व्यवहारांच्या आकड्यांवरून कामाचे मोजमाप मांडले गेले तर तिथेच हरकत नोंदवा.

माहिती मिळवायची कशी? माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २ (जे) नुसार संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. नावे मागू नका. वैयक्तिक माहितीचे कारण पुढे करून अर्ज फेटाळणे आता अधिक सोपे झाले आहे. पदनाम, स्टेशन, तारीख, ड्युटी सुरू आणि संपल्याची वेळ, दिलेला ओव्हरटाईम, एवढे रकाने मागा आणि नावाऐवजी अनुक्रमांक चालेल असे अर्जातच लिहा. छापील गठ्ठा नको, फाईल हवी, हेही लिहा.

क्वेरी लिहिणारा शोधायला लांब जावे लागणार नाही. आपल्या क्वार्टर्समध्ये वाढलेली कितीतरी मुले-मुली आज इलेक्ट्रॉनिक सिटीत हेच काम करतात. एका रविवारी त्यांना युनियनच्या ऑफिसात बोलवा.

शाखा सचिवांनी सुरुवात लहान करावी. एक डेपो किंवा एक स्टेशन, आणि कोणतेही लागोपाठचे चौदा दिवस. कामगारांनी त्या दिवसांचे आपले तास स्वतःच्या डायरीत लिहून ठेवावेत, म्हणजे सरकारी फाईल आली की ती ताडून पाहता येईल. जिथे दोन्हींचा मेळ बसणार नाही, ती ओळ आधी पीएनएमच्या विषयपत्रिकेवर घाला.