रोहित्रावरील सदनिका

नागरी वस्तीत जागा दुर्मिळ झाल्यापासून गृहसंस्थेच्या तळमजल्यावरच रोहित्राची खोली बांधण्याचा प्रघात पडला आहे. आणि त्या खोलीच्या नेमक्या वरच्या सदनिकेतील कुटुंबाने मुलांच्या प्रकृतीविषयी काळजीने विचारणा केली असता, ‘चुंबकीय क्षेत्राचे मापन मर्यादेच्या आत आहे’ एवढा शेरा मारून तो कागद दप्तरी दाखल करणे, हाच आपल्या विद्युत अभियंत्यांपैकी पुष्कळांचा शिरस्ता होऊन बसला आहे. हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अनायनीकारक प्रारणांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 50 हर्ट्‌झच्या चुंबकीय क्षेत्रासाठी जनसामान्यांकरिता 1998 साली 100 मायक्रोटेस्ला ही मर्यादा सुचविली व 2010 साली ती 200 केली. प्रबळ क्षेत्रामुळे शरीरात निर्माण होणारी विद्युत मज्जातंतूंना व दृष्टिपटलाला उद्दीपित करते, या सिद्ध आणि तात्कालिक परिणामावर ती मर्यादा आधारलेली आहे. वर्षानुवर्षांच्या अल्प संपर्काचा निवाडा ती करीत नाही. सदनिकेतील आईचा प्रश्न मात्र नेमका त्याविषयीचाच असतो. 1979 साली डेन्व्हर येथे वर्थायमर आणि लीपर यांनी तो प्रथम उपस्थित केला, आणि 2000 साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहता, सरासरी 0.4 मायक्रोटेस्लाहून अधिक क्षेत्रात राहणाऱ्या बालकांत रक्तकर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. अशी बालके फार थोडी, प्राण्यांवरील प्रयोगांचा त्यास आधार नाही आणि कार्यकारणाची यंत्रणाही उलगडलेली नाही. म्हणूनच कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2002 साली या क्षेत्राची गणना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा वर्गात केली. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली, मनमानी अल्प मर्यादा लादणे समर्थनीय नाही, परंतु अत्यल्प खर्चात संपर्क कमी करता येत असेल तर तसे करणे योग्यच आहे, असा अभिप्राय दिला.

हा अत्यल्प खर्च म्हणजे बहुतांशी आपल्याच हातचे काम होय. वरच्या सदनिकेतील क्षेत्राला रोहित्राच्या गाभ्यापेक्षा, अधिक प्रवाह वाहून नेणारे आणि छताजवळून गेलेले लघुदाब बाजूचे बसबार व केबल हेच बहुधा कारणीभूत असतात. आराखडा कागदावर असतानाच ते खाली घेतले आणि तिन्ही फेज व न्यूट्रल एकमेकांलगत नेले, तर पुढे महागड्या आवरणांचा प्रश्न क्वचितच उद्‌भवेल. घरातील वायरिंगचीही हीच गोष्ट. फेज आणि न्यूट्रल जोडीने धावल्यास त्यांची क्षेत्रे परस्परांस बव्हंशी छेद देतात. परंतु दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला, अथवा न्यूट्रल मध्येच अर्थिंगला जोडला, की परतीचा प्रवाह भलत्या वाटेने जातो आणि अवघ्या एका अँपिअरच्या असंतुलनातून अर्ध्या मीटरवर 0.4 मायक्रोटेस्लाचे क्षेत्र उभे राहते. हा दोष विद्युतसुरक्षेच्या दृष्टीनेही निंद्यच. फेज व न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरमध्ये घेतल्यास वाचन शून्य यावयास हवे. ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि ती टाळण्यास कोणतीही सबब आम्हांस मान्य नाही.

तक्रारदारास दाखला देताना वाचन कोणत्या खोलीत, जमिनीपासून किती उंचीवर व कोणत्या वेळी घेतले, तेव्हा रोहित्रावर भार किती होता, याची नोंद अवश्य असावी, कारण दुपारच्या अल्प भारावरील आकडा रात्रीच्या वातानुकूलन यंत्रांच्या भाराविषयी काहीच सांगत नाही. मीटर मिलिगॉस दर्शवीत असेल, तर दहा मिलिगॉस म्हणजे एक मायक्रोटेस्ला हा हिशेबही दाखल्यावरच लिहावा.