आदेश वरून येतात, सिस्टरचं म्हणणं वर कधी जाणार?

१२ मे, परिचारिका दिन आला की आपण सिस्टरांना गुलाब देतो, फोटो टाकतो. विषय संपला! पण मंडळी, ड्युटी बदलली, नवा रिपोर्ट पाहिजे, हे सगळं वरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं. खालून जातं फक्त 'ओके सर'. औषध संपलंय, रात्री वॉर्डात मी एकटीच, पिऊन आलेला नातेवाईक अंगावर येतोय, हे त्या माउलीनं सांगायचं कुणाला?

मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरोधात राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा कुठं त्यांचा आवाज ऐकू आला. ऐकून घेणारं कुणी नसलं की कामातलं मन उडतं. आणि त्याची झळ शेवटी पेशंटलाच बसते.

१९३९ साली आपल्या औंध संस्थानानं स्वराज्याची घटना आणली. गावपंचायत, मग तालुका, मग विधिमंडळ. कारभार खालून वर. मग दवाखान्यात का नको? ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय सिस्टरांचा ठेवा. त्यावर काय केलं, ते पुढच्या बैठकीत सांगा. याला निधी लागत नाही, कान लागतात. समितीवाल्यांनो, करताय का सुरुवात?