दुधातला निरोप आणि आपले पोट

गाईच्या दुधात पेशींचे निरोप पोचवणारी प्रथिने असतात, म्हणून ते मधुमेहही बरा करते, असे सांगणारे आता गावोगाव भेटतात. यातले पहिले वाक्य खरे आहे. दुसरे नाही.

पेशीत काही प्रथिने दुव्याचे काम करतात. ‘१४-३-३’ हे त्यांपैकीच एक. स्वतः रासायनिक क्रिया न घडवता ती दुसऱ्या प्रथिनांना धरून निरोप पुढे सरकवतात. कासेतल्या पेशीतून स्निग्धाचा कण बाहेर पडताना पेशीचा पापुद्रा अंगावर घेतो. त्यासोबत अशी प्रथिने दुधात उतरतात.

पण दूध पोटात गेले की आम्ल आणि पेप्सीन, पुढे ट्रिप्सीन त्यांचे तुकडे करतात. डाळीच्या प्रथिनांचेही तेच होते. शरीराला मिळतो तो पोषणाचा कच्चा माल. गाईच्या पेशीतला निरोप आपल्या पेशीपर्यंत जसाच्या तसा जात नाही.

आमच्या नालवाडीत १९४१ मध्ये जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने गोसेवा संघ उभा राहिला. इथल्या गवळाऊ गाईचे मोल सांगायला चमत्कार कशाला हवा? शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एवढे पुरेसे आहे.

दूध उकळून प्या, मुलांना द्या. मात्र दुधाच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करू नका. महागड्या डब्यासाठी घरातली डाळ-अंडी कमी करणे तर तोट्याचाच सौदा.