लाल चांदणीचा रकाना

संगणकाला बाई-पुरुष काही कळत नाही, तो सगळ्यांना सारखाच वागवतो, असं आमच्या क्षेत्रातली माणसं फार सहज बोलून जातात. मी पुण्यात गेली अठरा वर्षं सॉफ्टवेअरच्या चाचणीचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम लोकांच्या हाती पडण्याआधी तो कुठे अडतो, कुठे चुकतो हे हुडकायचं, हा माझा रोजचा धंदा. त्या अनुभवावरून म्हणते, संगणकाला कळत नाही हे खरंच; पण त्याला कुणीतरी माणूस सांगत असतो, आणि त्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठराविक घर असतं. नवरा, बायको, दोन मुलं, प्रत्येकाच्या हातात आपापला फोन.

ऑनलाइन अर्जात काही रकान्यांपुढे छोटी लाल चांदणी असते, ती तुम्ही पाहिली असेल. हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, असा तिचा अर्थ. ती लावायला पाच मिनिटं लागतात. लावणारा पंचविशीतला मुलगा असतो, त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला वरून कागद आलेला असतो आणि तो कागद एका बैठकीत ठरलेला असतो. त्या बैठकीत बाई असलीच तर एखादी, आणि चाचणीवाल्यांना तर बहुतेक वेळा सगळं ठरून गेल्यावरच बोलावतात.

अशाच एका कामात ‘पतीचे नाव’ या रकान्यापुढे चांदणी होती. नवरा नसलेल्या बाईनं काय लिहायचं, असं मी विचारलं. उत्तर आलं, “ती एज केस आहे, पुढच्या आवृत्तीत बघू.” एज केस हा आमच्या धंद्यातला लाडका शब्द. क्वचित कधी उद्भवणारी, कडेला पडलेली गोष्ट म्हणजे एज केस. विधवा, टाकलेल्या, सोडून आलेल्या, लग्नच न केलेल्या, अशा सगळ्या बायका मिळून एक ‘कड’! पुढची आवृत्ती आली तेव्हा बटणांचे रंग तेवढे बदलले होते.

कागदी अर्जाचे दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. “नवऱ्याचं नाव का नाही?” म्हणून खिडकीतला कारकून चारचौघांत खेकसायचाच. पण त्या रकान्यात आडवी रेघ तरी मारता यायची. संघटनेतल्या दोघी-तिघी बरोबर गेल्या की तो नरमायचा, नाहीतर साहेबाकडे जाता यायचं. स्क्रीनशी कोण भांडणार? रकाना भरेपर्यंत पुढे जाण्याचं बटण करडंच राहतं. मग केंद्रावरचा मुलगा काहीतरी ठोकून देतो, भावाचा नंबर घालतो, आणि ती खोटी नोंद पुढे वर्षानुवर्षं त्या बाईला चिकटते.

लाडकी बहीण योजनेत काय झालं ते आठवा. योजनेबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते बाजूला ठेवते. २०२४ साली योजना आली तेव्हा पात्र स्त्रियांच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे शब्द स्पष्ट लिहिले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिथे पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक व त्यांच्या फोनवर येणारा ओटीपी मागितला गेला. शासन निर्णयात जिला जागा होती, तिला स्क्रीनवर जागा उरली नाही. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि ज्यांचे पती वा वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी स्वतःची पडताळणी करून मृत्यूचा दाखला अथवा घटस्फोटाची कागदपत्रं द्यावीत अशी सोय केली गेली. पण परित्यक्तेकडे यातला कुठला कागद असतो? नवरा जिवंत, लग्न कायद्यानं शाबूत. दीड हजार रुपयांसाठी तिनं त्याच माणसाला फोन करायचा आणि म्हणायचं, “जरा आकडा सांगता का?”

हे सगळीकडेच चालतं. ॲपलनं २०१४ मध्ये फोनवर आरोग्याच्या नोंदींची सोय आणली. शरीरातल्या बारीकसारीक घटकांना तिथे जागा होती, मासिक पाळीला नव्हती. ती पुढच्या वर्षी आली.

बदल होत नाही असंही नाही. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले. आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव पुरेसं झालं, घटस्फोटित वा विभक्त स्त्रीवर नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही. उलट २०२४ मध्ये महाराष्ट्रानं १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आणलं, त्याचं आपण स्वागत केलं; पण विवाहित बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावायची पद्धत तशीच राहिली. रकाना तांत्रिक दिसतो, त्यातला मजकूर राजकीय असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की, अशा प्रणाली लोकांपुढे येण्याआधी त्यांची चाचणी कुणाला समोर ठेवून केली, हे विचारण्याचा हक्क आपण मागितला पाहिजे. मोर्चात, निवेदनात ही मागणी मला अजून फारशी दिसत नाही. आम्ही चाचणीवाले आधी ‘केसेस’ लिहून काढतो: अशी बाई आली तर प्रणालीनं काय करावं, तशी आली तर काय. या केसेस आम्ही वातानुकूलित खोलीत बसून कल्पनेनं लिहितो. तुमच्या समुपदेशन केंद्रांच्या वह्यांत मात्र त्या खऱ्या पडून आहेत. माहेरच्या नावाचं रेशनकार्ड आणि सासरच्या नावाचं आधार असलेली, फोन सासूकडे असलेली, मार खाऊन रात्री घर सोडलेली आणि सिमकार्ड मागेच राहिलेली. कुठल्याही कंपनीकडे एवढा साठा नाही.

तेव्हा केंद्रावर कुणा बाईबरोबर जाल तेव्हा एक वही न्या. ‘सर्व्हर डाऊन होता’, ‘काम झालं नाही’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या रकान्याशी अडलं, तिथे काय भरलं होतं, स्क्रीनवर नेमकी कोणती अक्षरं आली, तारीख, वेळ हे उतरवून घ्या. असं वीस ठिकाणचं एकत्र मांडलं की प्रोग्राम बनवणाऱ्याला ‘एज केस’ म्हणून ते ढकलता येणार नाही. बाईचं नाव मात्र लिहू नका, आणि आधार क्रमांक तर मुळीच नको.