लॉलीपॉपवाल्या आजींचा फोटो

ब्रिटनमध्ये शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्याला ‘लॉलीपॉप मॅन’ किंवा ‘लॉलीपॉप लेडी’ म्हणतात. अंगात चमकदार पिवळा कोट, हातात लांब काठी, काठीवर गोल पाटी. नाव लाडाचं असलं तरी काठीला कायद्याचं बळ आहे. ती समोर धरली की गाडी थांबलीच पाहिजे. न थांबल्यास हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र असा माणूस नेमलाच पाहिजे, अशी सक्ती तिथल्या पालिकांवर नाही. त्यामुळे खर्चाला कात्री लागली की ही काठीही जाऊ शकते.

अशा लाडक्या माणसाचा कौतुकाचा फोटो काढताना त्याला राजा, अंतराळवीर किंवा सिनेमातला नायक करायचा मोह होतो. करावं की! पोरांच्या मनात तो तसाच असतो. पण स्टुडिओत नेऊन, काठी बाजूला ठेवून नुसता मुकुट घातला, तर उरतो तो फॅन्सी ड्रेस.

मेक्सिकोच्या छायाचित्रकार डुल्से पिन्झोन यांनी हे फार चांगलं जाणलं. न्यूयॉर्कमध्ये राबणाऱ्या आपल्या देशबांधवांना त्यांनी सुपरहिरोंचे पोशाख घातले, पण फोटो काढले ते कामाच्या जागी. खिडक्या पुसणारा स्पायडरमॅन, मुलं सांभाळणारी कॅटवुमन. प्रत्येक फोटोखाली नाव, गाव आणि तो माणूस घरी किती पैसे पाठवतो तो आकडा. खरी चपराक त्या आकड्यात आहे.

रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हाही सदका, अशी हदीस आहे. इथे तर भरधाव गाडी अडवायची असते, रोज, पावसातसुद्धा.

आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी शाळेचे शिपाईमामा नाहीतर वॉचमनकाका अंगावर घेतात. त्यांच्या नेमणूकपत्रात ते असतंच असं नाही. निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि रांगेत उभा राहून काढलेला ग्रुप फोटो, संपलं. त्याऐवजी चित्रकलेच्या तासाला मुलांकडून त्यांच्यासाठी अंगरखा रंगवून घ्यावा. फोटो फाटकासमोर, शाळा सुटण्याच्या वेळी, गर्दीतच काढावा. खाली नोकरीची वर्षं लिहावीत आणि त्यांची हरकत नसेल तर शेवटचा पगारही. शिट्टी मात्र खिशात नको, ओठांत असू द्यावी.