वेगळे गेट कशासाठी?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय पुनर्विकासाचा. पूर्व उपनगरातली हाउसिंग बोर्डाची आमची जुनी वसाहत पाडून तिथे टॉवर उभे राहायचे आहेत. बिल्डरच्या आर्किटेक्टने भिंतीवर नकाशा लावला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवून सांगितले, ''म्हाडाच्या वाट्याला जाणारी लहान घरे इथे, मागच्या बाजूला. त्यांचे गेट वेगळे, लिफ्ट वेगळी. तुम्हाला त्यांचा काही त्रास नाही.'' सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या. खरे सांगायचे तर मीही डोलावली.

घरी आलो तेव्हा स्वयंपाकाच्या मावशी निघण्याच्या तयारीत होत्या. त्या टिटवाळ्याहून येतात. चार घरचा स्वयंपाक उरकून घरी पोचेपर्यंत त्यांना रात्र होते. सभेची बातमी त्यांच्या कानावर आधीच गेली होती. ''काका, ती बारकी घरं भाड्यानं देतात का हो? एक खोली मिळाली तरी चालंल.'' मला उत्तर देता आले नाही. ज्यांचा 'त्रास' होऊ नये म्हणून मी मान डोलावली, ती माणसे म्हणजे ह्याच मावशी होत्या.

मी ह्याच वसाहतीत वाढलो. वडील कारकून. शेजारी कारखान्यात फिटर असलेले गृहस्थ, वरच्या मजल्यावर प्राथमिक शाळेतले गुरुजी आणि रस्त्यापलीकडे मध्यम उत्पन्न गटाच्या इमारतीत सरकारी अधिकारी. इमारती वेगळ्या, पण शाळा एक, मैदान एक, रेशनची रांग एक आणि गणपतीही एकच. पाणी गेले की रस्त्यापलीकडचे साहेबकाका वॉर्ड ऑफिसला फोन लावत आणि संध्याकाळी सगळ्यांच्याच नळाला पाणी येई. एकदा रात्री त्याच काकांच्या छातीत कळ आली. त्यांना खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणले ते तिसऱ्या पाळीला निघालेल्या कामगारांनी.

ह्यात भाबडेपणा नाही, व्यवहार आहे. ज्याच्या फोनला वजन आहे तो माणूस त्याच वसाहतीत राहत असेल, तर तिथला नळ दुरुस्त होतो. गरिबांची घरे एका कडेला काढली, की त्यांच्याबरोबर गटार, शाळा आणि रस्त्यावरचा दिवाही कडेला जातो.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १९७७ साली म्हाडा स्थापन झाली. अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च अशा गटांसाठी एकाच संस्थेने घरे बांधायची, ही कल्पना उत्तमच होती. पण ही घरे प्रामुख्याने सोडतीने विकली जातात. ज्याचे नाव निघाले त्याचे नशीब उघडले. काही वर्षांनी ते घर बाजारभावाने विकता येते आणि परवडणारे म्हणून बांधलेले घर परवडणाऱ्यांच्या यादीतून कायमचे निघून जाते. पुन्हा नवी जमीन शोधा, नवी सोडत काढा.

आणि जमीन तरी कुठे शिल्लक ठेवली? गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या नियमावलीत ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. शहराच्या मध्यभागी सर्व थरांतल्या माणसांना एकत्र वसवण्याची एवढी मोठी संधी आपण हातची घालवली.

महागड्या घरांच्या पैशांतून गरिबांची घरे बांधण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९५ पासून त्याच युक्तीवर चालली आहे. पण विकायच्या घरांतला नफा बिल्डरकडे जातो, पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि मधे भिंत येते. युक्ती बरोबर असेलही. पण तिचे फळ कोणाच्या पदरात पडते आणि किती दिवस टिकते, हा खरा प्रश्न आहे.

व्हिएन्ना शहराने ह्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी शोधले. १९२३ ते १९३४ ह्या काळात तिथल्या महापालिकेने खास घरकर बसवून ६० हजारांहून अधिक घरे बांधली. बालवाड्या, धुलाईघरे, वाचनालये अशा सोयींसह. आज महापालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत. उत्पन्नाची मर्यादा मुद्दाम एवढी वर ठेवली आहे, की शिक्षक आणि कारकूनही अर्ज करू शकतात. पुढे पगार वाढला म्हणून कोणाला घर सोडावे लागत नाही. त्यामुळे अशा घरात राहणे तिथे कमीपणाचे ठरत नाही.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीचे. त्यांनी २०२१ मध्ये ५ कोटी डॉलरचा फिरता निधी उभारला आणि पुढे तो दुप्पट केला. आपल्या भिशीसारखाच हा प्रकार. बांधकामापुरते स्वस्तात पैसे द्यायचे. इमारत भरली की दीर्घ मुदतीचे कर्ज घेऊन ते निधीत परत करायचे. मग पुढच्या इमारतीची पाळी. २०२३ मध्ये ह्या निधीतून २६८ घरांची पहिली इमारत उभी राहिली. त्यांतली सुमारे तीन दशांश घरे कमी भाड्याची, बाकीची बाजारभावाने. बहुतांश मालकी सरकारी संस्थेची. त्यामुळे वरच्या भाड्याचा फायदा खालच्या भाड्याला मिळतो आणि घर हातातून जात नाही.

आपल्याकडे ह्यावर हमखास आक्षेप येतो: सरकारी भाड्याची घरे म्हणजे पडझड. त्यात तथ्य आहे. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि दुरुस्तीला पैसा उरला नाही. पण ह्यातून शिकायचे ते एवढेच, की भाडे खर्चाप्रमाणे वाढले पाहिजे आणि ज्याला परवडत नाही त्याचा भार शेजारच्या जास्त भाड्याने उचलला पाहिजे. मिश्र इमारत हवी ती ह्याच हिशेबासाठी. सगळेच गरीब एका इमारतीत कोंबले, तर लिफ्टची दुरुस्ती कोणाच्या खिशातून करायची?

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही: ''त्यांच्याबरोबर कसे राहायचे?'' ज्यांच्या हातची पोळी आपण रोज खातो, ज्यांच्या हाती नातवंडे सोपवून निश्चिंतपणे बाहेर पडतो, त्यांच्याबरोबर एका लिफ्टमध्ये उभे राहायला मात्र आपल्याला संकोच वाटतो!

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. सार्वजनिक जमिनीवरच्या पुनर्विकासात सरकारने आपला वाटा पैशांत न घेता घरांत घ्यावा. त्यातली निदान काही घरे न विकता, कायम सरकारच्या मालकीची ठेवून, वेगवेगळ्या उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्याने द्यावीत. ती मागच्या कोपऱ्यात नसावीत, सगळ्या मजल्यांवर विखुरलेली असावीत. ह्याने मावशींना उद्याच खोली मिळणार नाही, हे मलाही कळते. पण निदान त्यांच्या मुलीला टिटवाळ्याची गाडी पकडावी लागू नये.

पुढच्या महिन्यात सोसायटीची पुन्हा सभा आहे. नकाशा तोच असेल. ह्या वेळी मात्र मी मान डोलावणार नाही. वेगळे गेट कशासाठी, एवढे तरी उठून विचारणार आहे.